अण्णांची उशी आणि इनासकाकांची बिअर

आमच्या घरात दारू हा शब्द मोठ्याने उच्चारायची सोय नव्हती. खोकल्याचं औषध आणलं की अण्णा आधी भिंग घेऊन बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत, आणि त्यात काही संशयास्पद आढळलं तर बाटली दुकानात परत जाई, आम्ही ज्येष्ठमध चघळत बसायचो. अण्णा म्हणजे माझे वडील. उमेळ्याला आमची वाडी होती. सोनचाफा, मोगरा, थोड्या पानवेली, कडेला केळी. आणि अण्णा गावच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष होते. वाडीला पाणी घालायचं एक वेळ त्यांच्या हातून राहील, पण मंडळाची सभा कधी राहिली नाही. वर्षातून एकदा ते सगळ्या गावाला ओळीत उभं करून शपथ देत. त्या ओळीत पहिला नंबर आमच्या शेजारच्या इनासकाकांचा असे. हात पुढे करून, डोळे मिटून, खणखणीत आवाजात ते दारू सोडत. दर वर्षी सोडत.

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. पुढे शिकवायचं की स्थळ बघायचं, हे अण्णांचं ठरत नव्हतं, आणि मला कुणी विचारत नव्हतं. त्यामुळे मी पहाटे चाफा निवडायचे. झाडावरून उतरवलेली फुलं ओल्या फडक्यावर पसरली की त्यातली कुठली दादरच्या बाजारात दुपारपर्यंत टिकतील आणि कुठली वाटेतच मान टाकतील, हे मला वासावरून कळायचं. डोळ्यांना सगळी सारखीच दिसत. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "शुभा, दूध बघ गं," आणि मी ओटीवरूनच सांगायचे, "आज नासणार नाही, पण उद्या नासेल." वरण बुडाला लागायच्या आधी मला कळे. पाहुणा कुठल्या साबणाने आंघोळ करून आलाय ते कळे. ह्या गुणाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

उत्तर विहिरीपलीकडे राहत होतं. इनासकाका आयुष्यभर मालवाहू जहाजावर खानसामा होते. जग बघून परत आले ते एक मोठी पत्र्याची पेटी, गुडघेदुखी आणि बिअर करायचं वेड घेऊन. ज्या बंदरात जहाज लागे तिथल्या खाणावळीत जाऊन ते बिअर कशी करतात ते बघत बसत. त्यांचं घर आणि आमचं घर यांत एक विहीर आणि एक चिकूचं झाड. त्यांची घरची बोली वेगळी, आमची वेगळी. दोन्ही इथे जशाच्या तशा लिहिल्या तर वाचणाऱ्याला दुभाषी लागेल, म्हणून मी सगळ्यांना पुस्तकात बोलतात तसं बोलायला लावते आहे. इनासकाका वरून बघत असतील तर मला माफ करतील. आयुष्यात ते असं शुद्ध मराठी कधी बोलले नाहीत.

त्यांची पहिली बिअर फसली ती साऱ्या उमेळ्याने ऐकली. त्यांनी जवाला मोड आणून, वाळवून, भरडून, गरम पाण्यात मुरवून गोड पाणी काढलं होतं. मोड कसे आणायचे ते माझ्या आईनेच शिकवलं, कारण काकांनी तिला सांगितलं होतं की जवाचं सत्त्व करायचंय, साखरेच्या आजारासाठी. मग त्यात त्यांनी आपल्याजवळची परदेशी बोंडं मूठमूठ टाकली आणि तासभर उकळत ठेवली. झालेला पदार्थ काडेचिराईतासारखा कडू होता आणि त्याला वास म्हणून काही नव्हता. तरीही काकांनी तो बाटल्यांत भरला, आणि बाटल्या देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या, कारण घरातला सगळ्यात गार कोपरा तोच. रोझरीची प्रार्थना चालू असताना पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग सगळ्या एकदम. रुजायकाकी, म्हणजे काकांची बायको, माळ न सोडता उठल्या, प्रार्थना पूर्ण केली, आणि मग म्हणाल्या, "इनास, तुझ्या त्या पेटीतलं एक पान जरी ह्या घरात राहिलं तर मी ते विहिरीत टाकीन. आणि मागोमाग तुलाही."

म्हणून पेटीतला ऐवज चिकूच्या झाडाखालून आमच्या बाजूला आला. तीन कापडी पिशव्या होत्या. एकेका पिशवीत सुकलेली फिकट हिरवी बोंडं, कागदासारख्या पापुद्र्यांची, हातात घेतली तर वजन नाही असं वाटावं. "ह्याला हॉप म्हणतात, बाय," काका कुजबुजले. "बिअरचा कडूपणा ह्याचा आणि वासही ह्याचाच. एक पिशवी चेक लोकांची, त्यांच्या सोनेरी बिअरची. नाव साझ. एक जर्मन, हालरताऊ. आणि एक इंग्रजांची, गोल्डिंग्ज म्हणतात तिला. ती त्यांच्या तांबूस बिअरला लागते."

"मग अडचण काय?"

"चिठ्ठ्या झुरळांनी खाल्ल्या. कुठली कुठली आहे ते कळत नाही."

"वास घ्या ना."

काकांनी खिशातून तपकिरीची डबी काढून मला दाखवली. तीस वर्षं ओढलेली तपकीर आणि जोडीला जहाजाच्या भटारखान्याचा धूर. त्यांचं नाक आता फक्त चष्मा ठेवायच्या कामाचं उरलं होतं. फिलूचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरलं होतं. मुलाकडचे लोक गावोगाव नावाजलेली वाइन करत, आणि साखरपुड्याला मुलाच्या मामाने काकांना सगळ्यांसमोर विचारलं होतं, "इतकी वर्षं दर्यावर होतात, प्यायचं काही करायला शिकलात की नुसतं उकडायलाच?" काका त्यावर हसले होते, पण रुजायकाकी सांगत होत्या की त्या दिवशी ते जेवले नाहीत. उंबराच्या पाण्याच्या दिवशी, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी सगळा गाव जमतो तेव्हा, आपल्या हातची बिअर त्या मामाच्या पुढ्यात ठेवायची, एवढंच त्यांना हवं होतं. "आपल्याकडच्या उकाड्यात सोनेरी बिअर जमणार नाही," ते म्हणाले. "तिला थंडी लागते. इंग्रजांची तांबूस बिअर जरा ऊब सोसते. म्हणून मला गोल्डिंग्ज पाहिजे. चुकीचं टाकलं तर तो मामा मरेपर्यंत हसेल."

मी बोंड दोन्ही तळव्यांत घेऊन चोळलं. आतली पिवळी भुकटी बोटांना चिकटली, आणि काय सांगू, त्या घटकेला माझं आयुष्य थोडं रुंद झालं. पहिल्या पिशवीला मिरीचा वास होता, आणि त्यामागे नुकतं कापलेलं गवत. दुसरी मऊ होती, दवण्यासारखी, देवळात शिरताना यावा तशा वासाची. तिसरीपाशी मी थांबले. तिसरीचा वास मला माहीत होता आणि नव्हताही. "काका, ही सुकेळ्यांसारखी आहे. वाळवून पानात बांधून ठेवलेल्या केळ्यांसारखी. मध आहे हिच्यात. आणि खाली ओली माती."

काका उभेच राहिले. "माती म्हणालीस? मध आणि माती? तो इंग्रज म्हातारा हेच म्हणायचा. हनी अँड अर्थ, हनी अँड अर्थ, असं म्हणून मला वेड लावलं होतं त्याने." त्यांनी माझा हात धरून तळव्याचा वास घ्यायचा प्रयत्न केला, दोनदा शिंकले, आणि डोळे पुसून म्हणाले, "मला काही कळलं नाही. पण तूच बरोबर."

हल्ली माझा भाचा मला कुठल्याशा दुकानात घेऊन जातो, तिथे भिंतीवर बिअरची नावं आणि त्यांतल्या हॉपची नावं फळ्यावर लिहिलेली असतात. तो मला ऐकवतो, मावशी, ह्यात आंब्याचा वास आहे, ह्यात लिचीचा. मी मान डोलावते. त्याला सांगत नाही की त्याची मावशी हे सगळं उमेळ्यात, केळीच्या बुंध्याआड बसून, एक थेंबही न पिता शिकली.

शिकणं म्हणजे पुढचे कितीतरी दिवस आई झोपली की दुपारी मी चुलीवर छोट्या पातेल्यात पाणी ठेवून बोंडं उकळून बघायचे. बराच वेळ उकळलं की कडूपणा वाढे आणि वास उडून जाई. विस्तव ओढून घेतल्यावर टाकलं की वास राही, कडूपणा येत नसे. आमटीत कोथिंबीर कधी टाकायची हे ज्याला ठाऊक आहे त्याला ह्यात नवल वाटायचं कारण नाही. मी काकांना निकाल दिला: कडूपणासाठी दवण्याच्या वासाची जर्मन बोंडं सुरुवातीला, थोडीच. आणि सुकेळ्यांची इंग्रज बोंडं अगदी शेवटी, चूल विझवताना. शिवाय बिअर आंबून शांत झाली की त्यांतलीच मूठभर, फडक्यात बांधून, भांड्यात सोडायची. काका म्हणाले, "बाय, तू जहाजावर असतीस तर मी भांडी घासली असती."

आता ह्या गोल्डिंग्जना ठेवायचं कुठे? कोरडी, अंधारी, कुणाचा हात न लागणारी जागा पाहिजे. मी ती एका जुन्या अभ्र्यात भरली, तोंड शिवून टाकलं आणि माळ्यावरच्या गाद्यांच्या ढिगात खुपसली. माझ्या मते ही फार हुशारीची गोष्ट होती.

त्या काळात अण्णांची झोप उडाली होती. आमच्या पलीकडच्या दोन वाड्या बिल्डरला गेल्या होत्या, आणि रोज कुणीतरी पांढऱ्या शर्टातला माणूस येऊन वाडी विकणार का, असं अण्णांना विचारून जाई. अण्णा नाही म्हणत, आणि मग नाही म्हटल्याचा विचार करत अंथरुणात कुशी बदलत. आई त्यांच्याहून जास्त जागी असे. एके सकाळी मी चाफ्याची टोपली घेऊन आत आले तर घर घुमत होतं. अण्णा घोरत होते. सूर्य वर आला होता, वाडीला पाणी नव्हतं, आणि मंडळाचे अध्यक्ष तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. त्यांच्या डोक्याखाली माझा अभ्रा होता.

"उशी कुठून आणलीस?" मी आईला विचारलं.

"माळ्यावर सापडली," आई भाकरी उलटत म्हणाली. "हलकी आहे. वास छान येतो. तुला काही माहीत आहे का तिच्याबद्दल?"

"नाही."

"मग मलाही नाही," आई म्हणाली, आणि भाकरी फुगली.

अण्णा बदलले. त्यांना भूक लागू लागली. पांढऱ्या शर्टाला ते हसून चहा विचारू लागले आणि हसूनच नाही म्हणू लागले. ते सभेत सांगत की झोपेसाठी दारू लागते हा भ्रम आहे, माझ्याकडे बघा. आणि इकडे काका चिकूखाली हवालदिल. "तुझा बाप वामन माझी बिअर डोक्याखाली घेऊन झोपतो, आणि लग्न जवळ आलं, बाय!" शेवटी मी आणि फिलूने काम वाटून घेतलं. अण्णा मंडळात गेले की फिलू विहिरीवर धुणं धूत उभी राहायची, आणि ते परत येताना दिसले की मोठ्याने गाणं म्हणायची. मी उशीची शिवण उसवून मूठमूठ बोंडं काढायचे आणि त्या जागी सुका दवणा, वाळा, निर्गुडीची पानं भरायचे. दयेपोटी एक मूठ ठेवली. तरीही दोनतीन दिवसांनी अण्णा म्हणाले, "उशी उतरली." त्यांनी ती उन्हात टाकायला सांगितली. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "उन्हाने काय होणार? जे गेलं ते गेलं."

बिअर शिजवायला आम्ही अण्णांचं चांदीप गावातलं व्याख्यान गाठलं. ते सकाळीच निघाले. इनासकाकांच्या परसात तांब्याचा हंडा चढला, जवाचं गोड पाणी काढून झालं, आता हॉप टाकून उकळायचं, एवढ्यात फिलूचं गाणं सुरू झालं. आम्हाला वाटलं ती आनंदात आहे. वळून बघतो तो अण्णा. चांदीपला सगळे लोक कुणाच्या बारशाला गेले होते, सभा झालीच नव्हती.

"काय शिजतंय, इनास?"

काका हंड्यात वाकून बघू लागले. रुजायकाकी पुढे झाल्या. आजवर ह्या प्रकरणात नवऱ्याच्या विरोधात असलेली ती बाई शांतपणे म्हणाली, "जवाचं पाणी. साखरेच्या आजाराला चांगलं असतं म्हणे. घेता का?"

अण्णांनी पेला भरून घेतला. ते अजून नुसतं गोड पाणी होतं, त्यात दारूचा अंशही नव्हता, हे मी देवाशपथ सांगते. अण्णांनी तो संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "साखरेच्या आजाराला हे इतकं गोड?" मग आणखी एक पेला घेऊन घरी गेले. आम्ही तिघं हंड्याभोवती बसलो आणि आवाज न करता हसता हसता काकांना ठसका लागला. मग काकांनी पळी माझ्या हातात दिली. जर्मन बोंडं उकळीत पडली; इंग्रज कधी टाकायची हे मी सांगणार होते. काका सारखे विचारत होते, "आता?" आणि मी म्हणत होते, "नाही." विस्तव ओढला, उकळी बसली, वाफ पातळ झाली, तेव्हा मी म्हटलं, "आता." सुकेळी, मध आणि ओली माती परसभर पसरली. रुजायकाकींनी नाक वर केलं आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "बरं येतंय गं काहीतरी."

उंबराच्या पाण्याच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. बायका वाजतगाजत विहिरीवरून पाणी घेऊन आल्या, फिलूला न्हाऊ घातलं, बँडवाल्यांनी घाम पुसून दुसरी चाल धरली. आमचं घर पहिल्या रांगेत. अण्णांच्या हातात कोकम सरबत. शेजारधर्म म्हणून ते दर वेळी येत आणि मांडवाच्या ज्या बाजूला बाटल्या असत तिकडे पाठ करून बसत. इनासकाकांनी मुलाच्या मामापुढे पेला ठेवला. तांबूस, वर पातळ फेस. मामाने हुंगलं, घोट घेतला, मग सावकाश आणखी एक. काका खुर्चीची पाठ धरून उभे होते. "हे कुठून मागवलं?" मामाने विचारलं. "घरी केलं," काका म्हणाले. मामाने पेला पुढे केला, पुन्हा भरायला. ह्याहून मोठं कौतुक मी पाहिलेलं नाही.

आणि तेवढ्यात अण्णांनी मान वळवली. मला वासाची देणगी आकाशातून पडली आहे अशी माझी समजूत होती. हे नाक आमच्या घराण्याचं आहे आणि मला ते अण्णांकडून आलंय, हे मी पार विसरून गेले होते. ते उठले. वास घेत, खुर्च्यांमधून वाट काढत, थेट मामाच्या पेल्यापाशी येऊन वाकले.

"ही माझी उशी आहे," अण्णा म्हणाले.

बँड थांबला. मामाने पेला छातीशी धरला.

"वामन," काका म्हणाले, "मी सांगतो तुला."

"थांब. माझ्या उशीत हे होतं. मग कमी झालं. कुणी काढलं?" अण्णा सगळ्या मांडवाकडे वळले, आणि मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण अण्णांना समोर जमलेला गाव दिसला की ते सभेतच उभे राहत. ते म्हणाले, "लोकहो, ही वनस्पती देवाने माणसाला झोपेसाठी दिली. डोकं ठेवून झोपायची वस्तू! आणि ही माणसं ती पितात!" मग त्यांनी झोप ह्या विषयावर असं भाषण केलं की लोक पेले हातात धरून माना डोलावत होते, आणि शेवटी टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर त्यांनी खालच्या आवाजात काकांना विचारलं, "वास निवडला कुणी? तुझं नाक तर मेलंय."

काकांनी खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि मग त्यांना ते जमलं नाही. "तुझ्या पोरीनं," ते म्हणाले. "मला तीन पिशव्यांतलं काही कळत नव्हतं, वामन. तिने मध आणि माती सांगितली. ह्या सगळ्या मांडवात तसं नाक दुसऱ्या कुणाला नाही."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं. ते सरबत तसंच ठेवून घरी गेले.

नंतर ते माझ्याशी बोलेनात. "तिला सांग चाफा उतरवायचा आहे," असं आईला सांगत, मी समोर असताना. आई मला सांगे, मी आईला उत्तर देई, आई ते पोचवी. मला वाटत होतं की आता माझं ठरलं. आणि तसंच झालं. अण्णांनी लगबगीने एक स्थळ काढलं. पलीकडच्या गावातलं घर, मोठी वाडी, मंडळाच्या कामातून ओळख झालेली माणसं, सुपारीचं खांडही न खाणारी. मुलगा आणि त्याचे वडील मला बघायला आले तेव्हा अण्णा ताठ बसले होते. मुलाचे वडील व्यसनाने तरुण पिढी कशी पोखरली आहे ते सांगत होते, मुलगा मान हलवत होता. मी चहा दिला. आधी मुलाला, मग वडिलांना. वाकले, सरळ झाले, आत आले.

पाठोपाठ अण्णा आत आले. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी थेट बोलले, आणि तेही ओठ न हलवता.

"काय वास आला?"

मी आईकडे बघितलं. आई चुलीकडे बघत होती.

"लवंग," मी म्हटलं. "दोघांच्याही तोंडात."

"ती मलाही आली. लवंगेखाली?"

"वडिलांचं कालचं आहे," मी म्हटलं. "मुलाचं आजचं."

अण्णांनी डोळे मिटले. त्यांची मिशी जराशी हलली. मग ते बाहेर गेले, खुर्चीत बसले, आणि घसा साफ करून म्हणाले, "आपण आलात, आनंद वाटला. पण मला सांगायचं राहून गेलं. आमची मुलगी शिकते आहे. एवढ्यात लग्न नाही."

"अच्छा," मुलाचे वडील म्हणाले. "काय शिकते आहे?"

दाराच्या फटीतून मला अण्णांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ काही सुचत नसलेल्या माणसाची होती. तेव्हा आई आतूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बरंच काही."

पाहुणे गेले. कॉलेजांचे प्रवेश संपत आले होते, आणि मी कुठेच नाव घातलेलं नव्हतं. अण्णांनी फाटक लावलं, परत आले, वर्तमानपत्रातलं जाहिरातींचं पान काढून ओटीवर पसरलं, चष्मा लावला आणि मला शेजारी बसायची खूण केली.

"बस," ते म्हणाले. "आता सांग, काय शिकतेस तू?"